काकूची किडनी, दादाचं अंग

बायोप्सीचे पैसे भरून मी वर आले तेव्हा काकू कॉरिडॉरमधल्या स्टीलच्या बाकावर एक पाय वर घेऊन बसली होती. तिचे टाके तोवर भरून आले होते, तरी उठता-बसता डावा हात आपोआप पोटाकडे जायचा, अजूनही जातो. तिची एक किडनी तिच्या मुलाला, माझ्या दादाला, बसवली होती. दादाचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की वाढणारा रक्तातला आकडा, ऑपरेशननंतर छान १.१ वर आलं होतं, गावात पेढेसुद्धा वाटून झाले होते, आणि नेहमीच्या तपासणीत ते अचानक १.९ निघालं. ताप नाही, दुखणं नाही, लघवी व्यवस्थित, माणूस समोर बसून पेपर वाचतोय आणि रिपोर्ट सांगतोय की आत काहीतरी बिनसलंय. राउंडला आलेले तरुण डॉक्टर सांगून गेले की रिजेक्शन, म्हणजे अंगानं नवी किडनी नाकारणं, वाटतंय, बायोप्सीत नक्की कळेल. काकू बराच वेळ बोलली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नऊ महिने पोटात ठेवला मी ह्याला. तेव्हा माझ्या अंगानं नाही बाहेर काढलं. आता ह्याच्या अंगाला माझा मुठीएवढा तुकडा ठेवून घ्यायला का जड जातंय?"

मला काहीच सांगता आलं नाही.

बाकीच्यांचे प्रश्न वेगळे होते, खर्च किती येईल, परत डायलिसिस लागेल का, डिस्चार्ज कधी, आणि ते रास्तच होते. पण काकूचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. बसमध्ये तोच, ऑफिसात तोच. मी मिळेल ते वाचायला लागले, ओपीडीत नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीच्या डॉक्टर, मॅडमना थोडा वेळ असला की त्यांना विचारायला लागले. त्या बिचाऱ्या दमलेल्या असायच्या तरी पॅडवर आकृत्या काढून सांगायच्या. तेव्हापासून ह्या विषयानं मला धरलंय ते आजपर्यंत.

किडनी जुळते म्हणजे काय हे आमच्या घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं, ब्लड ग्रुप जुळला की झालं एवढंच. दादाचा ओ पॉझिटिव्ह, वहिनीचा बी, त्यामुळे वहिनी पहिल्याच फेरीत बाद झाली आणि ती त्या दिवशी खूप रडली. मग एचएलएची तपासणी. हे एचएलए म्हणजे आपल्या पेशींच्या अंगावरच्या खुणा, त्यांची जनुकं सहाव्या क्रोमोसोमवर एकमेकांना चिकटून असतात, म्हणून आईकडून एक अख्खा संच येतो आणि वडिलांकडून एक. आई आणि मूल नेहमी निम्मे जुळणारच, त्यात नशिबाचा भाग नाही. नशीब लागतं ते भावंडांत. चारात एक शक्यता की पूर्ण जुळेल, दोन की निम्मं जुळेल आणि एक की काहीच जुळणार नाही, एकाच ताटात जेवून वाढलेले सख्खे बहीण-भाऊ असले तरी. आमच्या ताईचं, दादाच्या सख्ख्या बहिणीचं, तपासतात त्या सहा मोठ्या खुणांपैकी सहाच्या सहा जुळलं.

त्या रिपोर्टनं घरात आनंद व्हायला हवा होता, पण सगळे अवघडले. ताईची मुलं लहान. तिच्या सासरचे कुणी नाही म्हणाले नाहीत, फक्त त्यांचे फोन कमी झाले. ताई स्वतः तयार होती, मी तिच्याशी बोलले होते, ती खरंच तयार होती. पण काकूनं एका संध्याकाळी भाकरी थापता थापता विषय संपवला, "तिचा संसार कोवळा आहे. माझी घ्या." आणि वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी सगळ्या तपासण्यांत ती पास झाली. दात्याला परवानगी देणाऱ्या कमिटीसमोर तिला विचारलं, आजी, तुमच्यावर कुणी दबाव तर नाही ना टाकला? तर म्हणाली, पोराला द्यायला दबाव कशाला लागतोय. आता विचार करते तेव्हा वाटतं की दबाव होता, फक्त तो कुणी एकानं टाकलेला नव्हता. आणि रिजेक्शनची बातमी कळल्यावर ताईनं मला फोनवर पहिलं काय विचारलं तर, माझी घेतली असती तर झालं असतं का गं असं? तिलाही तेव्हा मी काय सांगणार होते. कमी शक्यता होती, पण होतीच. पूर्ण जुळणाऱ्या भावंडाची किडनी सर्वांत जास्त टिकते हे खरं, पण अंगाची प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या तिथेही लागतात, कारण ह्या सहा मोठ्या खुणांशिवाय असंख्य बारीक फरक असतातच.

गोळ्यांशिवाय चालतं ते फक्त एकसारख्या जुळ्यांत. जगातलं पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट तसंच झालं, २३ डिसेंबर १९५४ ला, बोस्टनमध्ये, डॉ. जोसेफ मरे यांनी केलं, एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला. तो भाऊ नंतर आठ वर्षं जगला, लग्न केलं, मुलं झाली. तिथे अंगानं किडनी नाकारलीच नाही, कारण अंगाच्या दृष्टीनं ती परकी नव्हतीच.

परकं ओळखणं ही शरीराची शिकलेली गोष्ट आहे हे ज्यांनी दाखवलं ते पीटर मेडावार. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या लोकांना दुसऱ्याची कातडी लावून बघायचे आणि ती काही दिवसांनी झडून जायची, कुणाला नीट कारण कळत नव्हतं. ग्लासगोच्या हॉस्पिटलात एका भाजलेल्या तरुणीला मेडावार आणि गिब्सन या सर्जननी तिच्या सख्ख्या भावाच्या कातडीचे छोटे छोटे तुकडे लावले. पहिल्या खेपेचे काही दिवस चांगले टिकले आणि मग गेले. मग त्याच भावाच्या कातडीचे तुकडे परत लावले, तर ते पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर गेले. म्हणजे अंगानं पहिली ओळख लक्षात ठेवली होती. १९४३ चं हे काम. मला त्या वर्णनात सारखा तो भाऊ दिसतो, बहिणीसाठी दोनदा कातडी काढून दिलेला, आणि दुसऱ्यांदा दिलेली पहिलीपेक्षाही लवकर गेली.

मेडावारना पुढे १९६० साली नोबेल मिळालं. पण मला हलवून गेली ती त्यांची १९५३ सालची एक मांडणी. त्यात त्यांनी विचारलंय की पोटातलं बाळ निम्मं बापाचं असतं, म्हणजे आईच्या अंगाला ते निम्मं परकं, मग आईचं शरीर त्याला इतके महिने ठेवून कसं घेतं?

हा काकूचाच प्रश्न आहे. शाळा सातवीत सुटलेल्या माझ्या काकूचा.

आता आत नेमकं काय चालतं ते मला जसं समजलं तसं सांगते. आपली जवळपास प्रत्येक पेशी स्वतःच्या आत जी प्रथिनं बनतात त्यांचे बारीक तुकडे एचएलएच्या खाचेत धरून बाहेर दाखवत असते. टी पेशी, म्हणजे रक्तातल्या पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशी, अंगभर फिरतात आणि ते तुकडे तपासतात. आत व्हायरस शिरलेला असेल तर त्याचा तुकडा दिसतो आणि ती पेशी तिथेच मारली जाते. टी पेशी नेहमी स्वतःच्या एचएलएमध्ये धरलेलाच तुकडा वाचते, हे डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी कॅनबेरात १९७४ मध्ये दाखवलं. म्हणजे एचएलए काही ट्रान्सप्लांट अडवायला बनलेलं नाही. लाखो वर्षांत कुणाच्या पोटात दुसऱ्याची किडनी कुणी ठेवलीच नव्हती. ते बनलंय लागण झालेली पेशी ओळखायला. ह्या टी पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होतात, तिथे त्यांची इतकी कडक चाळणी होते की बहुतेक पेशी तिथेच मरतात आणि जेमतेम काही बाहेर पडतात. ज्या बाहेर पडतात त्यांना स्वतःचं एचएलए माहीत असतं. दुसऱ्याचं कधी दाखवलेलंच नसतं. एखाद्या व्हायरसचा तुकडा ओळखणाऱ्या टी पेशी लाखात एखाददुसरी असते, पण परकं एचएलए दिसलं की शंभरातल्या एकापासून दहापर्यंत पेशी उठतात. म्हणजे दादाच्या अंगाच्या दृष्टीनं पोटातला तो अख्खा अवयव, एकूण एक पेशीसकट, लागण झालेला आहे. ते त्याला वाचवायलाच धावून आलंय.

हे कळल्यावर मला दादाच्या अंगाचा राग येणं थांबलं. ह्याच फौजेनं त्याला लहानपणी गोवरातून काढलं होतं, मला आठवतंय, काकू कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवून रात्रभर बसायची.

ऑपरेशनचा दिवस मात्र इतका सुंदर होता की आता रिजेक्शनबद्दल लिहिताना तो बाजूला ठेवणं जमत नाही. नवीन किडनी मागे कमरेत नाही बसवत, ती पुढे, उजव्या ओटीपोटात बसवतात, पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना जोडून, आणि जुन्या दोन्ही बहुधा तशाच राहू देतात. दादाच्या पोटावर हात ठेवला की ती हाताला लागते, कातडीखाली गोल, टणक. रक्त सोडल्यावर टेबलावरच लघवी सुरू झाली असं सर्जननी बाहेर येऊन सांगितलं. डायलिसिसवर असताना दादाला दिवसाला जेमतेम एक लिटर पाणी, त्यात चहा-आमटी धरून, उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा चघळत बसायचा आणि आम्ही त्याच्यासमोर पाणी प्यायचं टाळायचो. आणि आता नर्स म्हणत होती तीन लिटर संपवा. त्यानं पहिला ग्लास हातात धरला आणि प्यायलाच नाही कितीतरी वेळ, नुसता बघत होता. डाव्या हातावरचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी, अजून आहे, मनगटाच्या वर बोट ठेवलं की आत घरघर लागते, मांजर झोपल्यावर करतं तशी. डॉक्टर म्हणाले राहू दे, कधी लागला तर. त्या "कधी लागला तर" चा अर्थ सगळ्यांना कळला होता.

कॉरिडॉरमध्येच एक बाई भेटायची, सोलापूरकडची. तिचा नवरा स्वतःहून किडनी द्यायला आला होता, आणि हे मुद्दाम लिहिते कारण आपल्याकडे बहुतेक वेळा बायकाच देतात, आया, बायका, बहिणी. ब्लड ग्रुप जुळला. पण क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आलं, म्हणजे तिच्या रक्तात त्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी आधीपासूनच तयार होत्या. कशामुळे, तर बाळंतपणांमुळे. पोटातल्या बाळावर बापाच्या खुणा असतात, बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात येतात आणि आईचं अंग त्या खुणा शिकून ठेवतं. पोटातल्या बाळाला त्याचा काही त्रास होत नाही, पण शिकलेलं अंग विसरत नाही. अशात किडनी बसवली असती तर काही मिनिटांत, टेबलावरच ती काळीनिळी पडली असती. साठच्या दशकात असं खरंच व्हायचं, सर्जनच्या डोळ्यांसमोर. १९६९ मध्ये लॉस एंजलिसच्या पटेल आणि तेरासाकींनी ह्या अँटिबॉडींचा संबंध दाखवला आणि तेव्हापासून क्रॉसमॅच केल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. त्या बाईला सांगितलं होतं की प्लाझ्मा बदलून अँटिबॉडी कमी करता येतील, खर्च भरपूर, खात्री कमी. नाहीतर स्वॅप, म्हणजे अशाच दुसऱ्या जोडप्याबरोबर अदलाबदल. नाहीतर वेटिंग लिस्ट. ती मला म्हणाली, पोरं झाली त्याचं हे असं होतंय होय? मला तिचा चेहरा विसरता येत नाही. ज्या पोरांनी तिला त्या घरची केलं, त्यांनीच तिचं अंग नवऱ्याच्या अंगाला बंद केलं होतं, आणि दोष कुणाचाच नव्हता.

दादाची बायोप्सी अॅक्यूट सेल्युलर रिजेक्शन दाखवून गेली, टी पेशी किडनीच्या बारीक नळ्यांत शिरलेल्या. मॅडम म्हणाल्या, यातल्या त्यात हे बरं, ह्याला औषध आहे. स्टेरॉइडचे मोठे डोस तीन दिवस शिरेतून. शुगर चारशेच्या पुढे गेली, तोंड सुजलं, दादा रात्र रात्र जागा आणि कधी नव्हे ते वहिनीवर खेकसला, नंतर रडला. क्रिएटिनिन हळूहळू १.४ वर आलं आणि तिथेच थांबलं. १.१ परत आलं नाही. त्या तेवढ्या दिवसांत किडनीचा काही भाग कायमचा गेला असं समजायचं.

गोळ्यांबद्दल लिहायचं तर पानं पुरणार नाहीत. टॅक्रोलिमस सकाळी नऊ आणि रात्री नऊ, लग्न असो की मयत. टी पेशीला उठायचा जो आतला निरोप असतो तो हे औषध मध्येच तोडतं. हे मिळालं जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून, १९८४ मध्ये. त्याच्या आधीचं सायक्लोस्पोरिन नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावरच्या मातीतल्या बुरशीपासून, आणि ते ऐंशीच्या दशकात आल्यावरच जगभर ट्रान्सप्लांट हा रोजचा उपचार झाला. कुठली कुठली माती, आणि तिच्यावर आमचा माणूस उभा आहे. पण औषधाची रक्तातली लेव्हल सांभाळणं म्हणजे शेगडीवरच्या दुधाजवळ उभं राहणं, कमी झाली तर रिजेक्शन, जास्त झाली तर तेच औषध त्याच किडनीला अपाय करतं. मागच्या गणपतीत परसातल्या झाडाचं पपनस सोलून काकूनं सगळ्यांना फोडी दिल्या आणि दादाच्या पुढ्यातली वाटी वहिनीनं अक्षरशः झडप घालून उचलली. पपनस, ग्रेपफ्रूट ही फळं आतड्यातलं एक एन्झाइम अडवतात आणि टॅक्रोलिमसची लेव्हल भलतीच चढते. काकू हिरमुसली. तिनंच लावलेलं झाड ते.

दादा गणिताचा शिक्षक. फळ्यावर कंपास न घेता एका हिसक्यात वर्तुळ काढायचा, अख्ख्या तालुक्यात त्याचं नाव होतं त्यासाठी, आम्ही लहान असताना अंगणात कोळशानं काढून दाखवायचा आणि आम्ही दोरी लावून मोजायचो. आता बोटं थरथरतात, औषधानं. वर्तुळ काढायचं असलं की तो पोरांपैकी कुणाला तरी पुढे बोलावतो. त्याच्या वर्गातली पोरं आता सगळी हातानं वर्तुळ काढायचा सराव करतात असं वहिनी सांगते.

आणि टी पेशी दाबून ठेवायच्या म्हणजे त्या सगळ्याच कामांत दबतात. नागीण उठून गेली एकदा, कमरेपासून पाठीपर्यंत, महिनाभर शर्ट घालवेना. टीबीची भीती तर आपल्याकडे कायमच. उसाचा रस बंद, गाड्यावरची पाणीपुरी बंद, घरात कुणाला खोकला झाला की तो मागच्या खोलीत. लोक म्हणतात एवढं जपून जगायचं म्हणजे काय जगणं, तर मी म्हणते डायलिसिसच्या खुर्चीवर आठवड्यातून तीनदा चार-चार तास बसलेला माणूस बघा आणि मग बोला.

काकूचं उत्तर मी बरंच उशिरा तिला दिलं. तिला सांगितलं की पोटात बाळ थेट तुझ्या रक्ताला लागून नव्हतंच, मध्ये वार, म्हणजे प्लॅसेंटा, होती. तुझ्या रक्ताला भिडणाऱ्या वारेच्या पेशी नेहमीच्या मोठ्या खुणा अंगावर आणतच नाहीत, त्याऐवजी एचएलए-जी नावाची एक वेगळी खूण दाखवतात, जी लढणाऱ्या पेशींना शांत करते. शिवाय गर्भारपणात आईची स्वतःची काही आवरणारी फौज वाढते. निसर्गाला ते बसवायला कोट्यवधी वर्षं मिळाली. किडनीला वार नसते, ती सगळ्या खुणा अंगावर घेऊन थेट दुसऱ्याच्या रक्तात जाते, आणि आपण हे करायला लागून शंभर वर्षंही झाली नाहीत. तिनं सगळं ऐकलं. मग मी तिला ते सांगितलं जे मला स्वतःला वाचून रात्री झोप आली नव्हती, की बाळाच्या काही पेशी आईच्या अंगात राहून जातात, १९९६ च्या एका अभ्यासात मुलाला जन्म देऊन २७ वर्षं झालेल्या बाईच्या रक्तात मुलाच्या पेशी सापडल्या होत्या. म्हणजे दादाचं थोडंसं अजून तुझ्यात असेल, काकू. आणि उलटंही होतं, आईच्या पेशी मुलात.

"म्हणजे मी आधीपासनं होतेच त्याच्यात?" ती म्हणाली. "मग तरी गोळ्या?"

तरी गोळ्या, म्हटलं. त्या चिमूटभर पेशींनी एवढ्या मोठ्या अवयवाला अभय मिळत नाही. जन्मभर घ्याव्या लागतील, निदान आज तरी दुसरा रस्ता नाही. जिवंत दात्याची किडनी साधारण पंधरा-वीस वर्षं चालते, काहींची त्याहून जास्त. तिनं मनातल्या मनात दादाच्या वयात वीस मिळवले असणार, कारण लगेच म्हणाली, तोवर नातीचं लग्न होईल.

ह्या सगळ्यात मला एक गोष्ट फार टोचते. दादाच्या प्रत्येक रिपोर्टचा फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर येतो, क्रिएटिनिन पॉइंट एकनं हललं तरी सगळ्यांचे फोन. काकूची पहिली वार्षिक तपासणी मात्र राहूनच गेली होती, कुणाच्या लक्षात नाही, तिच्या स्वतःच्याही नाही. एका किडनीवर राहणाऱ्या माणसाचं बीपी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन दरवर्षी बघायचं असतं, डिस्चार्जच्या कागदावर तसं लिहिलेलं आहे. मी विषय काढला तर म्हणाली, मला काय धाड भरलीय. शेवटी मीच तिला ओढत नेलं. क्रिएटिनिन १.०, उत्तम. बीपी मात्र दोन्ही वेळा वरच निघालं, मॅडमनी मीठ कमी करायला सांगितलंय आणि घरी मशीन आणून रोज लिहून ठेवायला. लोणच्याची बरणी वहिनीनं वरच्या फळीवर ठेवली आहे, तिचा हात पोचणार नाही तिथे. लघवीचा रिपोर्ट शुक्रवारी मिळणार आहे, आणि ह्या वेळी तोही ग्रुपवर टाकायचा असं मी सगळ्यांना बजावून ठेवलंय.